केमिस्ट ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हणतो तेव्हा: इंग्लंडमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी ‘हे फीव्हर’ (hay fever, म्हणजे परागकणांची अॅलर्जी) आणि दम्याची तयारी

मे २०२२. मुलाच्या नाकाडोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं, म्हणून शाळा सुटल्या सुटल्या त्याला घेऊन मी हाय स्ट्रीटवरच्या केमिस्टकडे गेले. अॅलर्जीवरच्या क्लोरफेनामीनच्या सिरपची फळी रिकामी होती, खाली फक्त किमतीचं लेबल. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्या दुकानातल्या फार्मासिस्ट बाईंनी त्याचं वय विचारलं, आणखी काही औषध चालू आहे का ते विचारलं, आणि वेगळ्याच रंगाचं एक खोकं काढून पेनाच्या टोकानं त्याच्या कडेची बारीक अक्षरातली ओळ दाखवली: सेटिरिझीन, अॅलर्जीवरचंच दुसरं औषध. “पुढचं मोठं नाव सोडा, ही ओळ वाचत जा,” म्हणाल्या. दीड तास वणवण करून मला जे मिळालं, ते पहिल्याच दुकानात माझ्या डोळ्यांसमोर होतं. काय शोधायचं हेच मला माहीत नव्हतं.

त्या वर्षी इथे क्लोरफेनामीन या घटकाचाच तुटवडा होता. त्याआधी मार्च २०२० मध्ये कोविडच्या धास्तीनं लोकांनी जास्तीचे इनहेलर मागवले आणि दम्याच्या पंपांची टंचाई झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेब्युलायझरमध्ये घालायचं साल्ब्युटामॉलचं द्रावण मिळेना. तेव्हा काही ना काही अधूनमधून संपणार, हे धरूनच इथे चालायला हवं.

मी लहानपणापासून दम्याची पेशंट. अकरा वर्षांपूर्वी नाशिकहून इकडे आले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस ठरवण्यासाठी हा लेख वापरू नका. पण कुठे जायचं, काय विचारायचं आणि कुठे फसायला होतं, हे मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

१. आधी हे ओळखा: ही सर्दी नाही

आपल्याकडे धुळीची, गाजरगवताची अॅलर्जी असलेली माणसं इथे आल्यावर पहिला उन्हाळा मजेत काढतात. “इथली हवा किती स्वच्छ!” असं आम्हीही म्हणत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात शिंका सुरू होतात. नवीन परागकणांची शरीराला ओळख होऊन अॅलर्जी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून असं होतं. पहिलं वर्ष बरं गेलं म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका.

सर्दी आठ-दहा दिवसांत आटोपते, हे फीव्हर कित्येक आठवडे चालतो. सर्दीत डोळ्यांना आणि टाळूला एवढी खाज येत नाही. नावात फीव्हर असलं तरी यात ताप येत नाही. ताप असेल तर कारण दुसरं शोधा.

इथलं वेळापत्रक साधारण असं: मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत झाडांचे पराग, त्यात बर्च मुख्य. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवत. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत रानतण. हे फीव्हर असलेल्या बहुतेकांना गवताचा त्रास असतो. तुमचा त्रास कोणत्या आठवड्यात सुरू झाला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी औषध कधी सुरू करायचं ते त्यावरूनच ठरतं. मेट ऑफिस (इथलं हवामान खातं) हंगामात पुढच्या पाच दिवसांचा परागांचा अंदाज देतं, तो मी सकाळी पावसाच्या अंदाजाबरोबरच बघते.

दमा असलेल्यांनी हे विशेष मनावर घ्या. नाकातली सूज आणि छातीतली सूज या एकाच वाटेवरच्या गोष्टी आहेत. हे फीव्हर मोकाट सोडला की दमा उचल खातो. “नाकाचं काय, वाहील चार दिवस” म्हणून सोडून दिलेल्या दोन उन्हाळ्यांत मला स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागला आहे.

२. जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी आत्ताच करा, मे महिन्यात नाही

व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, तरी कित्येक जण आजारी पडेपर्यंत जीपीकडे नाव घालत नाहीत. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र सक्तीचं नाही. रिसेप्शनवर मागितलं आणि तुमच्याकडे नसलं, तर त्या कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही, हे शांतपणे सांगा.

नोंदणी झाल्यावर पहिल्याच भेटीत दमा असल्याची नोंद करून घ्या. भारतातली चिठ्ठी असेल तर सोबत न्या. तिथली नावं इथे चालत नाहीत, पण घटकाचं नाव लिहिलेलं असलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं. अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल. फोराकॉर्ट म्हणजे फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड. बुडेकॉर्ट म्हणजे नुसतं ब्युडेसोनाइड. नोंद झाली की वर्षातून एकदा दम्याच्या तपासणीला बोलावतात. ती भेट चुकवू नका. तिथेच तुमचा लेखी ‘अस्थमा अॅक्शन प्लॅन’ (रोज काय घ्यायचं, त्रास वाढला तर काय करायचं याचा कागद) मागून घ्या.

पैशाबद्दल एक सापळा. मधुमेह किंवा थायरॉइडच्या पेशंटना इथे प्रिस्क्रिप्शन फुकट मिळतं, म्हणून दम्यालाही मिळत असेल असं वाटतं. मिळत नाही. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून प्रत्येक औषधाला ९ पौंड ९० पेन्स पडतात. वर्षाला बारा किंवा जास्त औषधं लागत असतील तर प्रीपेमेंट सर्टिफिकेट (आगाऊ पैसे भरून घ्यायचा पास) घ्या. त्याचा वर्षाचा दर ११४ पौंड ५० पेन्स आहे, तीन महिन्यांचंही मिळतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये कोणालाच पडत नाहीत.

३. हाताशी काय असावं

एका शूजबॉक्समध्ये आमच्या घरी हे असतं:

- दम्याचा लेखी प्लॅन, आणि त्याचा फोनवर काढलेला फोटो
- निळा पंप (साल्ब्युटामॉलचा, लगेच आराम देणारा), आणि एक न उघडलेला दुसरा
- रोजचा प्रिव्हेंटर पंप (आतली सूज कमी करणारा)
- स्पेसर (पंपाला लावायचं प्लास्टिकचं नळकांडं)
- पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोरात मारता येते ते मोजणारं) आणि आकडे लिहायची वही
- एका महिन्याच्या सेटिरिझीन किंवा लोराटाडीनच्या गोळ्या
- नाकाचा स्टेरॉइड स्प्रे आणि डोळ्यांचे थेंब
- आपण काय काय घेतो त्याची यादी, घटकांच्या नावांनिशी

फोनमध्ये एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) अॅप हवंच. त्यातून प्रिस्क्रिप्शन मागवता येतं.

४. घटकाचं नाव पाठ करा

तुटवड्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच. ब्रँडचं नाव धरून दुकानात गेलात तर ‘नाही’ ऐकून परत याल.

पिरिटॉन म्हणजे क्लोरफेनामीन. आपल्याकडे याच घटकाला क्लोरफेनिरामाइन म्हणतात आणि सर्दीच्या असंख्य गोळ्यांत तो असतो. त्यानं झोप येते आणि दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो. हे फीव्हरसाठी तोच हवा असं काही नाही. सेटिरिझीन, लोराटाडीन आणि फेक्सोफेनाडीन हे नव्या पिढीतले. दिवसातून एकदा पुरतात आणि गुंगी कमी आणतात, तरी सेटिरिझीननं काही जणांना झोप येतेच. फेक्सोफेनाडीन १२० मिलिग्रॅम बारा वर्षांवरच्यांना चिठ्ठीशिवाय मिळतं. ते साध्या पाण्याबरोबर घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतलं तर शरीरात नीट शोषलं जात नाही. माझी मैत्रीण महिनाभर नाश्त्याच्या ज्यूसबरोबर घेत होती आणि “गोळी लागूच पडत नाही” म्हणत होती.

बेनाड्रिल हे नाव दिसलं की आपल्याला खोकल्याचं लाल सिरप आठवतं. इथे ‘बेनाड्रिल अॅलर्जी रिलीफ’ नावानं मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये अॅक्रिव्हास्टीन असतं. औषध निराळं, वेळा निराळ्या.

आता खोकं उलटवून बघायची सवय लावा. प्रत्येक औषधावर ‘पीएल’ अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. दोन खोक्यांवर तोच क्रमांक असेल तर आतली गोळी तीच, मग एकाची किंमत पाचपट का असेना. सुपरमार्केटची स्वतःच्या नावाची सेटिरिझीन घ्यायला कचरू नका. महागड्या नावाची फळी रिकामी असते तेव्हा ही साधी खोकी बऱ्याचदा खालच्या कप्प्यात शिल्लक असतात.

अॅलर्जीच्या या सगळ्या औषधांना अँटीहिस्टामाइन म्हणतात. त्यातली दोन एकत्र घेऊ नका. घरून आणलेली सर्दीची गोळी आणि इथली सेटिरिझीन घेतली म्हणजे दोन झालीच, वर त्या सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉलही असतं.

ज्यांची मुलं जीसीएसई किंवा ए-लेव्हलला (आपल्या दहावी-बारावीसारख्या परीक्षांना) आहेत त्यांच्यासाठी थोडं थांबून लिहिते. या परीक्षा नेमक्या मे-जूनमध्ये, गवताच्या ऐन हंगामात येतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इथल्याच एका अभ्यासात दिसलं की ज्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत हे फीव्हरचा त्रास होता, त्यांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त होती. गुंगी आणणारी गोळी घेणाऱ्यांत ती ७० टक्क्यांनी जास्त. म्हणून दुसरं काही मिळत नाही म्हणून परीक्षेच्या सकाळी झोप आणणारी गोळी देऊ नका. इस्टरच्या सुट्टीतच नीट औषध सुरू करा आणि ते मुलाला मानवतं का ते बघा. गाडी चालवणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवा. गुंगीत गाडी चालवणं इथे गुन्हा आहे, मग ती गुंगी साध्या अॅलर्जीच्या गोळीची असली तरी.

५. नाकाचा स्प्रे: लवकर सुरू करा, नीट मारा

नाक चोंदतं त्यांना गोळीपेक्षा स्टेरॉइडचा स्प्रे जास्त उपयोगी पडतो. बेक्लोमेटासोन, फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन हे तिन्ही मोठ्यांना चिठ्ठीशिवाय मिळतात. एक नसलं तर दुसरं चालतं का ते फार्मासिस्टला विचारा, बहुतेक वेळा चालतं. पण हा स्प्रे पहिल्या फवाऱ्याला काम करत नाही. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा आणि रोज मारायचा. लवकर सुरू करण्याचा दुसरा फायदा म्हणजे जूनची पळापळ सुरू व्हायच्या आत तुमची बाटली घरात असते.

मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, नळीचं टोक कानाच्या बाजूला. नंतर जोरात ओढायचं नाही. घशात कडू लागलं म्हणजे औषध नाकात न राहता पोटात गेलं.

ऑट्रिव्हिनसारखे नाक झटकन मोकळं करणारे स्प्रे हा पर्याय नाही. आठवडाभरापेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीत अडकतो. आमच्या ओळखीतले एक काका दोन वर्षं उशाशी ती बाटली ठेवून झोपत होते.

डोळ्यांसाठी सोडियम क्रोमोग्लिकेटचे थेंब साधे आणि चांगले. काँटॅक्ट लेन्स लावत असाल तर आधी काढा आणि फार्मासिस्टला तसं सांगा.

६. केमिस्टनं ‘नाही’ म्हटलं तर या क्रमानं जा

चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध असेल तर घटक सांगून पर्याय विचारा आणि काम तिथेच संपवा. चिठ्ठीवरचं असेल तर गोष्ट थोडी वेगळी.

पहिलं, दुसऱ्या दुकानात फोन करा, चालत जाऊ नका. साखळी दुकानं आणि एकट्या मालकाची दुकानं वेगवेगळ्या घाऊक विक्रेत्यांकडून माल घेतात. मोठ्या दुकानात नसलेलं औषध गल्लीतल्या छोट्या फार्मसीत मिळाल्याचा अनुभव मला तीनदा आला आहे.

दुसरं, तुमची चिठ्ठी आता कागदावर नसते. ती जीपीकडून थेट तुम्ही निवडलेल्या फार्मसीत जाते. त्या फार्मसीत औषध नसेल तर “प्रिस्क्रिप्शन स्पाइनवर परत टाका” असं त्यांना सांगा. स्पाइन ही एनएचएसची मधली यंत्रणा. तिथे परत गेलेली चिठ्ठी कुठलीही दुसरी फार्मसी उतरवून घेऊ शकते. हे वाक्य माहीत नसल्यामुळे लोक चार-चार दिवस “उद्या येईल” ऐकत बसतात.

तिसरं, फार्मासिस्टवर चिडू नका. चिठ्ठीवर एका ब्रँडचं किंवा एका ताकदीचं नाव असेल, तर इंग्लंडमध्ये तो स्वतःच्या मनानं दुसरं देऊ शकत नाही. अपवाद एकच: सरकारनं त्या औषधासाठी ‘सीरियस शॉर्टेज प्रोटोकॉल’ (एसएसपी) काढला असेल तर ठरवून दिलेला पर्याय तो जीपीकडे न जाता देऊ शकतो. “यासाठी एसएसपी आहे का?” असं विचारा. नसेल तर “माझ्या जीपीला कोणता पर्याय सुचवाल, आणि तो तुमच्याकडे आत्ता आहे का?” हे विचारून लिहून घ्या. मग जीपीच्या रिसेप्शनला नुसतं “औषध नाही मिळालं” न सांगता “हे मिळत नाही, अमुक फार्मसीत तमुक शिल्लक आहे” असं सांगा. नवी चिठ्ठी त्याच दिवशी निघायची शक्यता पुष्कळ वाढते.

शुक्रवारी संध्याकाळी औषध संपलं तर १११ ला (एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला) फोन करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर जा. नेहमीचं औषध फार्मसीतून तातडीनं मिळवून देण्याची सोय त्यांच्याकडे आहे.

७. इनहेलरच्या बाबतीत जास्त सावध राहा

एका जूनच्या रात्री साडेदहाला मला छातीत शिट्टी ऐकू यायला लागली. निळा पंप घेतला, दाबला. फुस्स आवाज झाला, पण जिभेवर नेहमीची चव आली नाही. हलवला तर आत खळखळ वाजत होतं. पुन्हा दाबला, पुन्हा नुसती हवा. औषध संपल्यावरही डब्यात गॅस उरतो आणि तो फवारा मारत राहतो, हे मला तेव्हा कळलं. मी वाक्य बोलू शकत होते, म्हणून १११ ला फोन केला आणि रात्री उशिरा उघड्या असणाऱ्या फार्मसीत नवरा जाऊन पंप घेऊन आला. तो परत येईपर्यंतची पन्नास मिनिटं मी पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसले होते.

तेव्हापासून पंप उघडला की त्यावर मार्करनं तारीख लिहिते. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. आकडा दाखवणारा काउंटर नसेल तर मोजून ठेवा. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही.

निळा पंप मिळतोय तोवर सगळं ठीक, हा सर्वात धोक्याचा समज. निळा पंप नळ्या तात्पुरत्या मोकळ्या करतो, आतली सूज प्रिव्हेंटर कमी करतो. ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आराम देणारा पंप वापरणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना आधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त निळा पंप लागत असेल तर दमा काबूत नाही. जीपीकडे जा. नोव्हेंबर २०२४ पासूनच्या इथल्या मार्गदर्शक सूचनांत तर बारा वर्षांवरच्या दम्याच्या पेशंटला नुसता निळा पंप देऊ नये असंच आहे. सूज कमी करणारं आणि नळ्या मोकळ्या करणारं औषध एकाच पंपात असलेला पर्याय आता आधी देतात. तुमची चिठ्ठी जुनी असेल तर स्वतःहून विचारा.

टंचाईत प्रिव्हेंटर पुरवून पुरवून वापरणं, दिवसाआड घेणं, हे करू नका. संपत आला असेल तर दोन आठवडे आधी मागवा. बदलून मिळाला तर हे तपासा:

दोन पंपांत घटक एकच असला तरी मात्रा सारखी असेलच असं नाही. क्लेनिल आणि क्वार या दोन्ही प्रिव्हेंटर पंपांत बेक्लोमेटासोन आहे, पण क्वारचे कण बारीक असल्यामुळे ते साधारण दुप्पट प्रभावी पडतं. गोळ्यांच्या बाबतीत ब्रँड विसरा म्हटलं, इनहेलरच्या बाबतीत मात्र ब्रँड आणि उपकरण दोन्ही बघावं लागतं. आणि ओढायची पद्धत बदलते. गॅसचा पंप सावकाश, लांब श्वासानं. कोरड्या पावडरचा पंप जोरात आणि खोल. नवा पंप हातात पडल्यावर काउंटरवरच “एकदा माझं तंत्र बघता का?” असं विचारा. फार्मासिस्ट आनंदानं बघतात.

गॅसच्या पंपाला स्पेसर लावाच, मोठ्यांनीही. औषध घशात चिकटण्याऐवजी छातीत जातं, म्हणजे आहे त्या पंपाचा पुरेपूर उपयोग होतो. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि न पुसता हवेवर वाळू द्या. पुसलं की आतून स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

बरेच जण भारतातून घरगुती नेब्युलायझर आणतात. मुलांसाठी तो घरी परस्पर वापरू नका. २०२२ मध्ये इथल्या औषध नियामकानं सांगितलं आहे की मुलांच्या दम्यात घरचा नेब्युलायझर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरावा. मशीननं थोडं बरं वाटतं आणि हॉस्पिटलला जायला उशीर होतो, ही त्यामागची भीती.

८. घरून आणलेल्या आणि मागवलेल्या गोळ्या

आई-वडील येताना पिशवीभर औषधं आणतात. त्यांच्या स्वतःच्या तीन महिन्यांपर्यंतच्या औषधांना अडचण येत नाही. मूळ खोकं आणि चिठ्ठी सोबत असू द्या. अडचण ती औषधं आपण वापरायला लागलो की सुरू होते.

मॉन्टेअर एलसी किंवा मॉन्टेक एलसी आपल्याकडे चहाबिस्किटासारखी दिली जाते. त्यात मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझीन असतं. म्हणजे सेटिरिझीनबरोबर घेतली तर डोस दुप्पट. शिवाय मॉन्टेलुकास्टनं काहींना, विशेषतः मुलांना, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा येऊ शकतो. इथल्या नियामकानं एप्रिल २०२४ मध्ये त्याबद्दलचा इशारा आणखी ठळक केला. इथे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

बेटनेसॉल ही स्टेरॉइडची गोळी आहे, ‘अॅलर्जीची लहान गोळी’ नाही. डेरिफायलिन या दम्याच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण काही अँटीबायोटिक्सबरोबर धोकादायक वाढतं. आजोबांनी ती चालू ठेवली असेल तर इथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

आणि साठा करू नका. आपल्या मंडळींच्या ग्रुपवर “अमुक दुकानात आलंय” असा निरोप पडला की प्रत्येक जण चार चार बाटल्या उचलतो आणि संध्याकाळी खऱ्या गरजेच्या बाळाला मिळत नाही. महिन्याचं घ्या, बाकीचं ठेवा.

९. औषधाशिवाय काय करता येतं

पराग अंगावर कमी येतील तेवढं औषध कमी लागतं.

गवताचे पराग सकाळी लवकर आणि संध्याकाळी हवा थंड होताना जास्त असतात. तेव्हा खिडक्या बंद, दुपारी उघडा. कपडे बागेत वाळत घालू नका. सुरेख ऊन पडलेलं असताना ते आत वाळवायचे, हे आपल्याला पटतच नाही, पण त्याच चादरीवर रात्री नाक घासत झोपायचं असतं. बाहेरून आल्यावर कपडे बदला, तोंड-हात धुवा, रात्री केस धुवून झोपा. नाकपुड्यांभोवती व्हॅसलीनचं बोट फिरवा. बाजूनंही झाकणारा गॉगल घाला.

जलनेती येत असेल तर फारच छान. इथे लोक त्यासाठी बाटल्या विकत घेतात. अर्धा लिटर पाणी उकळून पूर्ण निवू द्या, त्यात सपाट चमचाभर मीठ घाला. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीच घालू नका. नेती आधी, स्टेरॉइड स्प्रे नंतर.

हळदीचं दूध, मध, तुळशीचा काढा यांनी घसा शेकतो, बरं वाटतं, जरूर घ्या. त्यांच्या भरवशावर प्रिव्हेंटर मात्र बंद करू नका. लहान मुलांना वाफ देणं टाळा, दरवर्षी मुलं त्या गरम पाण्यानं भाजतात.

१०. वादळ आणि ९९९

गवताच्या हंगामात गडगडाटी वादळ येणार असेल तर दमेकऱ्यानं घरात, खिडक्या लावून बसावं. वादळात पराग फुटून इतके बारीक होतात की ते नाकात न अडता थेट छातीत उतरतात. २४ जून १९९४ च्या रात्री लंडन परिसरातल्या हॉस्पिटलांत अशा पेशंटची रीघ लागली होती. मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये अशाच वादळानंतर दहा जण गेले. त्या वादळात त्रास झालेल्यांपैकी कित्येकांना त्याआधी दम्याचं निदान झालेलं नव्हतं, फक्त हे फीव्हर होता. त्या दिवसांत निळा पंप खिशात ठेवा, कारमध्ये नाही.

अॅटॅक आला तर ताठ बसा, आडवे होऊ नका. निळ्या पंपाचा दर ३० ते ६० सेकंदांनी एक फवारा, जास्तीत जास्त दहा. बरं वाटत नसेल, किंवा दहाच्या आतच बिघडत असेल, तर ९९९ ला (तातडीच्या अॅम्ब्युलन्सच्या नंबरला) फोन करा. दहा मिनिटांत अॅम्ब्युलन्स आली नाही आणि बरं नसेल तर पुन्हा तसेच दहा. एकत्रित पंप वापरणाऱ्यांची पद्धत वेगळी असते, ती तुमच्या प्लॅनमध्ये लिहून घ्या. पंप हाताशीच नसेल तर वाट न बघता थेट ९९९.

एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर ती वेळ आलेली आहे. ओठ निळे पडतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या रंगावर ते पटकन दिसत नाही. ओठांची आतली बाजू, जीभ आणि हिरड्या राखाडी दिसतात का ते बघा, आणि फोनवर विचारलं तर तसंच सांगा.

मुलाच्या शाळेत एक पंप आणि स्पेसर, नाव लिहून, प्लॅनच्या प्रतीसह ऑफिसात देऊन ठेवा. सप्टेंबरमध्ये वर्ग बदलला की तो नव्या शिक्षिकेकडे पोचला का ते स्वतः जाऊन बघा, आणि जाल तेव्हा त्यावरची एक्सपायरीची तारीखही वाचा.